भाषणं पुरे, आता वार्डातलं एक काम धरा

वाचकाचं पत्र: "सुदामानगर भागात आमचं छोटं गणेशोत्सव मंडळ आहे. 16 ते 22 वयाची अठरा-वीस मुलं-मुली राबतात. मांडवापासून महाप्रसादापर्यंत सगळं तीच बघतात. गेल्या वर्षी 'लोकशाही आणि युवक' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा घेतली. भाषणं जवळजवळ एकसारखी, मोबाईलवरून उतरवलेली. नंतर सहज विचारलं तर अठरा पूर्ण झालेल्यांपैकी निम्म्यांची नावं मतदार यादीत नव्हती, आणि आपला वार्ड कोणता हे फक्त तिघांना सांगता आलं. यंदा काहीतरी खरं करायचं आहे. अभिरूप संसद घ्यावी का? पालकांचं म्हणणं, पोरांना राजकारणात ओढू नका. काय करावं? – मंडळाची एक कार्यकर्ती, इंदूर"

ताई, सप्रेम नमस्कार.

अभिरूप संसद यंदा राहू द्या. त्यात चार बोलकी मुलं मंत्री होतात, बाकीची टाळ्या वाजवतात, आणि प्रश्न काश्मीरपासून महागाईपर्यंत सगळे घेतले जातात. फक्त गल्लीतल्या फुटक्या चेंबरचा तेवढा राहतो. जी मुलं मांडवाची परवानगी काढतात, वर्गणीचा हिशेब ठेवतात, वीजजोडणीसाठी खेटे घालतात, त्यांना कामातूनच शिकवलेलं कळतं. म्हणून आमचा सल्ला एवढाच: वार्डातलं एकच काम निवडा आणि त्याचा कागद पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या बिलापर्यंत मुलांना सोडू देऊ नका. निगम (महापालिका), पार्षद (नगरसेवक), झोन (निगमचं विभागीय कार्यालय), बजेट, माहितीचा अधिकार हे सगळं त्या एका कागदामागे चालताना आपसूक भेटतं.

पण त्याआधी मतदार यादी. ते दोन रविवारांचं काम आहे आणि ते आधी उरकायलाच हवं.

अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाने निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर आपलं नाव स्वतः शोधावं. घरी कार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहे असं मुळीच नाही. 2025 च्या नोव्हेंबरपासून मध्य प्रदेशात मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, म्हणून आई-वडिलांचीही नावं याच बैठकीत पाहून घ्या. शोधताना आपल्या मराठी घरांना हमखास एक अडचण येते. इथली यादी हिंदीत असते, त्यामुळे आडनावातला 'ळ' बहुतेक वेळा 'ल' होऊन बसतो. काळे 'काले' म्हणून, देवळे 'देवले' म्हणून सापडतात. मुलीचं नाव शोधताना वडिलांचं नाव तिच्या नावाला जोडू नका, नात्याचा रकाना वेगळा असतो. दोन्ही तऱ्हांनी शोधून नाव मिळालं नाही, तरच ते नाही असं धरा. कार्ड हाताशी असेल तर त्याच्या क्रमांकावरून शोधणं सगळ्यात सोपं.

नाव नसेल तर फॉर्म 6. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. वयासाठी दहावीची गुणपत्रिका चालते. पूर्वी 1 जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि 17 पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे तुमच्या सतरा वर्षांच्या पोरांनाही या रविवारी बसवा. अर्ज भरल्यावर जो संदर्भ क्रमांक येतो तो वहीत लिहून ठेवा, आणि बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी) घरी पडताळणीला येतील तेव्हा घरात कुणीतरी असेल असं बघा. अर्जावर कुणाची हरकत असेल तर ती नोंदवायला सात दिवस ठेवलेले असतात, त्यामुळे आज भरलं आणि उद्या नाव आलं असं होत नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. घर बदललं की मुलं पुन्हा फॉर्म 6 भरतात. तो फक्त पहिल्या नोंदणीचा आहे. पत्ता बदलणं, नावातली दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, या सगळ्यासाठी फॉर्म 8. दोनदा फॉर्म 6 भरला तर दोन ठिकाणी नाव लागतं, आणि खोटी घोषणा हा लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 खाली गुन्हा ठरतो. बाहेरगावाहून इंदूरला शिकायला आलेली, होस्टेलवर राहणारी मुलं मंडळात असतील तर त्यांना पर्याय आहे: गावच्या घरी नोंद ठेवावी, किंवा संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र जोडून इथे करावी. दोन्हीपैकी एकच.

आणखी एक गोष्ट मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची, निगमच्या निवडणुकीची वार्डवार यादी राज्य निवडणूक आयोगाची. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून वार्डाच्या यादीत ते बरोबर जागी असेलच असं नाही. शेजारच्या वार्डात ढकललेलं असू शकतं. इंदूरमध्ये 85 वार्ड आहेत. मागची निगम निवडणूक 2022 च्या जुलैत झाली, परिषदेची मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची 2027 मध्ये येते. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीसाठी थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत तुमच्या मुलांनी आपल्या गल्लीतली नावं घरोघर जाऊन ताडून पाहिली, तर तेवढ्यानेच वार्डाचं मोठं भलं होईल.

आता मुख्य काम. अठरा-वीस जण एका कामामागे लागले की पाच राबतात आणि बाकीचे ग्रुपवर अंगठे दाखवतात. पाच-सहा जणांच्या तीन तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला एक काम. काम निवडताना तीन प्रश्न विचारा: ते डोळ्यांना दिसतं का, ते निगमचंच आहे का, आणि सहा महिन्यांत हलण्यासारखं आहे का? 'वाहतुकीची समस्या' हे काम नव्हे. 'अमुक बॅकलेनमधल्या ड्रेनेज चेंबरचं झाकण फुटलंय आणि पावसात मैला वर येतो' हे काम आहे. पाण्याला वास येतोय, रंग गढूळ आहे असं कुठे दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून तेच पहिलं घ्या, आणि पाणी तपासून देण्याची मागणी लेखी करा. 2025 च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात दूषित पाण्याने काय झालं ते इंदूरकराला सांगायला नको.

काम कुणाचं हे आधी ठरवा, कारण अर्धी शक्ती चुकीच्या दारात खर्च होते. दिवाबत्ती, कचरा, नळाचं पाणी, ड्रेनेज निगमकडे. घरची वीज गेली, तार लोंबतेय, तर वीज कंपनी, 1912. रस्ता मात्र फसवा असतो. निगमचा, इंदूर विकास प्राधिकरणाचा किंवा लोक निर्माण विभागाचा असू शकतो. आणि कॉलनी निगमकडे हस्तांतरितच झाली नसेल, तर अंतर्गत रस्ता आणि ड्रेनेजसाठी कितीही तक्रारी करा, 'कॉलनी हैंडओवर नहीं है' हेच उत्तर येईल. तशा ठिकाणी मुलांचं पहिलं काम चेंबर नसून हस्तांतराचा कागद शोधणं हे असेल. ते जास्त कष्टाचं आहे. पहिल्या वर्षी टाळलंत तरी चालेल.

चेंबरचंच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. तुकडीने सकाळच्या उजेडात जागेवर जावं. दोन फोटो हवेत: एक जवळून, ज्यात फुटलेलं झाकण दिसेल, शेजारी मोजपट्टी ठेवून; दुसरा लांबून, ज्यात गल्ली आणि एखादी ठळक खूण येईल. सर्वांत पक्की खूण म्हणजे विजेच्या खांबावरचा क्रमांक. 'शर्माजींच्या मागे' लिहिलं की उपयंत्री (निगमचा अभियंता) येतो, दुसऱ्याच शर्माजींच्या मागे जातो आणि 'समस्या नहीं मिली' असं लिहून तक्रार मिटवतो. खांब क्रमांक, घर क्रमांक, वार्ड क्रमांक, या तिन्ही गोष्टी अर्जात असल्या की ती सबब उरत नाही.

मग निगमच्या 311 ॲपवर तक्रार, योग्य वर्गात. चेंबरचं झाकण 'सफाई'त टाकलं तर ते सफाईवर देखरेख करणाऱ्या दरोग्याकडे जातं. तो माणूस पाठवून भोवतालचा कचरा उचलतो, तक्रार बंद होते, झाकण तसंच राहतं. एका जागेची एकच तक्रार करा. वीस जणांनी एकाच चेंबरच्या वीस तक्रारी केल्या तर त्या एकत्र बांधून एकदम बंद होतात, आणि नंतर कुठल्या क्रमांकाचं काय झालं हे मुलांनाही कळत नाही. संख्या दाखवायची असेल तर झोन कार्यालयात द्यायच्या लेखी अर्जावर गल्लीतल्या लोकांच्या सह्या घ्या. अर्ज हिंदीत, एका पानात, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज न दिल्यासारखाच.

दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर सीएम हेल्पलाइन 181. इथे तक्रार चार पातळ्यांतून वर चढते, एल-1 पासून एल-4 पर्यंत. खालच्याने ठरलेल्या दिवसांत निकाल लावला नाही की ती आपोआप वरच्याकडे जाते. म्हणूनच खालचा अधिकारी फोन करून गळ घालतो: 'भैया, काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दो.' मुलं भिडस्त असतात, मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ती 'हो' म्हणून बसतात. मुलांना हे आधीच, अगदी तोंडपाठ करून शिकवा: 'सर, काम होताच मी स्वतः बंद करीन.' आवाज न चढवता, इतकंच. काम पूर्ण झाल्याचा फोटो हातात येईपर्यंत समाधान नोंदवायचं नाही. याउलट काम खरंच झालं की त्याच दिवशी बंद करायची आणि उपयंत्र्याला धन्यवादाचा फोन करायचा. पुढच्या वेळी तोच माणूस लागणार आहे.

मंगळवारची जनसुनवाईही आहे, तिथे अधिकारी समोरासमोर तक्रारी ऐकतात. कॉलेजचा वार असल्यामुळे दोघांनाच पाठवा, आधीच्या सगळ्या क्रमांकांसह. तिथे दोन-तीन मिनिटं मिळतात. पहिलं वाक्य कामाचं हवं, मंडळाच्या ओळखीचं नको.

एवढं झालं की पार्षदांकडे जा. त्याआधी नाही. कागद हातात नसताना गेलात तर मुलांना चहा मिळतो आणि आश्वासन मिळतं. तीन क्रमांक आणि दोन फोटो घेऊन गेलात तर बोलणं वेगळं होतं, कारण मग प्रश्न 'करा हो' असा राहत नाही. काम नेमकं कुठे अडलंय यावर येतो. पार्षदांना इस्टिमेट झालं का, मंजुरी कुठल्या पातळीवर आहे, पैसा पार्षद निधीतून की विभागाच्या मदातून (खर्चाच्या खात्यातून), हे विचारायला सांगा. उपयंत्र्याचं इस्टिमेट, मंजुरी, टेंडर, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, मेजरमेंट बुकमधली (झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीतली) नोंद, मग बिल: हा क्रम मुलांनी एका मोठ्या कागदावर काढून मंडळाच्या खोलीत लावावा आणि प्रत्येक टप्प्यापुढे तारीख लिहीत जावी. काम ज्या टप्प्यावर थांबलं असेल तिथे तारीख येत नाही, आणि कुठे विचारायचं ते भिंतीवर दिसतं.

माहितीचा अधिकार नेमका इथे उपयोगी पडतो. पहिल्याच दिवशी अर्ज टाकायची हौस मुलांना असते, ती आवरा. 2005 च्या या कायद्यात 'का' ला उत्तर मिळत नाही, नोंदीची प्रत मिळते. 'रस्ता अजून का झाला नाही?' असं विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असा एका ओळीचा नकार येतो. त्याऐवजी मागा: 'वार्ड क्रमांक अमुक, अमुक गल्लीतील ड्रेनेज दुरुस्तीचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मेजरमेंट बुकमधील संबंधित पानं यांच्या प्रमाणित प्रती.' शुल्क 10 रुपये, रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते लागत नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते, आणि 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. मध्य प्रदेशात अपिलालाही शुल्क असतं, तेवढी तयारी ठेवा.

हा अधिकार कायद्याने नागरिकाला दिला आहे, संस्थेला नाही, तेव्हा अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर नको, व्यक्तीच्या नावाने हवा. आणि ताई, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या नावाने, त्याच्या घरच्या पत्त्याने अर्ज टाकू नका. कायदा वयाची अट घालत नाही हे खरं. पण कामाच्या हिशेबाचे कागद मागितले की कुणाचा तरी फोन घरी येऊ शकतो, आणि तो झेलायला जाणता माणूस लागतो. सही तुमची किंवा एखाद्या निवृत्त सभासदाची असू द्या, मसुदा मुलांचा.

पालकांची भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. तिला उत्तर नियमांनी द्यावं लागेल. पहिल्या बैठकीलाच पालकांना बोलवा आणि सांगा: मंडळाच्या नावाने कुठल्याही पक्षाचा झेंडा, गमछा, फलक नाही, उद्घाटनाला पुढारी नाहीत, झोन कार्यालयात कुणी एकटं जाणार नाही, अल्पवयीन मुलांबरोबर मोठं माणूस असेल, आणि अधिकाऱ्याचा व्हिडिओ काढून पसरवायचा नाही. हा शेवटचा नियम मुलांना जाचेल, तरी मोडू देऊ नका. एका व्हिडिओपायी चिडलेला कर्मचारी पुढचे सहा महिने तुमची फाइल तळाशी ठेवतो. मंडळात दोन्ही-तिन्ही पक्षांची घरं असणारच. चेंबर सगळ्यांच्याच दारात तुंबतो. कुणा मुलाला पुढे खरंच पक्षात जायचं असेल तर जाऊ द्या. पार्षदाची निवडणूक लढवायला 21 वर्षं पुरतात, आणि मध्य प्रदेशात निगमच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. हे तुमच्या मुलींना कुणी सांगितलं आहे का? सांगाच.

वाद घालायची हौस असेल तर तीही भागवा, पण आकडे समोर ठेवून. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि 'नोटा'ला 2,18,674 मतं पडली. विजयी उमेदवाराला 12,26,751. मुलांना विचारा: नोटाला सर्वांत जास्त मतं मिळाली असती तर? अनेकांना वाटतं निवडणूक रद्द झाली असती. तसं नाही, उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं तोच निवडून येतो, आणि अनामत जप्तीच्या हिशेबातही नोटाची मतं धरत नाहीत. मग ती दोन लाख मतं वाया गेली की काही सांगून गेली? या प्रश्नावर दोन तास कमी पडतील, आणि यावरची तयार भाषणं मोबाईलवरून उतरवता येणार नाहीत.

राहता राहिलं बजेट. निगमचं बजेट मार्च-एप्रिलच्या सुमारास मांडलं जातं, पण तुमच्या गल्लीची मागणी त्यात यायची तर ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत पार्षदांकडे आणि झोनमध्ये लेखी पोचायला हवी. बहुतेक मंडळी बजेट वर्तमानपत्रात छापून आल्यावर जागी होतात. मागच्या वर्षाच्या बजेटची पुस्तिका मिळवा आणि मुलांना दोनच रकाने पाहायला लावा: किती रकमेची तरतूद होती, आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला. एक-दोन खाती पुरेत, सगळी पुस्तिका वाचायच्या भानगडीत पडू नका, मुलं कंटाळतील. पाणीपुरवठ्याचं खातं मात्र जरूर घ्या. नर्मदेचं पाणी जवळपास 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने चढवून आणावं लागतं, त्यामुळे विजेचं बिल केवढं मोठं असेल याचा मुलांनी विचारही केलेला नसतो. जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा म्हणून निगमने 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बॉण्ड (कर्जरोखे) बाजारात आणले, ते सामान्य नागरिकालाही घेता येत होते. नळ सुरू ठेवून दात घासणाऱ्या मुलाला हा हिशेब एकदा दाखवा.

तीनपैकी एक काम तरी अडणार. टेंडरला कुणी आलं नाही, पैसा दुसऱ्या मदात गेला, अधिकारी बदलला, अशी कारणं असतात. त्या तुकडीची मुलं खट्टू होतील आणि येणं बंद करतील. अशा वेळी त्यांना नवं सोपं काम देऊन समजूत घालू नका. काम कुठल्या टप्प्यावर, कुणाच्या सहीसाठी अडलं, हे त्यांनी शोधून काढून एका पानावर लिहिलं आणि गल्लीत वाचून दाखवलं, तर तेही काम पुरं झालं असं धरा. वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस त्या पानाला द्या.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी सुरुवात करा. मुलं एकत्र असतात आणि बजेटच्या मागण्यांना तीन महिने हातात राहतात. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने घरातल्या सगळ्यांची मतदार कार्डं आणि एक मालमत्ता कराची पावती आणावी. पावतीवर वार्ड क्रमांक छापलेला असतो. तिथूनच सुरू करता येईल.